हाउन्सेलांचा पहिला बार

१२ ऑक्टोबर १९३४, शुक्रवार

सेलिनाचं लग्न ठरलं. १५ नोव्हेंबर. तोवर मासळी विकून झालेली असते आणि खाडीत बर्फ आलेला नसतो. मुलगा गार्लंड स्किफिंग्टन, समोरच्या बेटावरचा. चांगला आहे. बोलत नाही, ते बरंच आहे.

चर्चमधून जोडपं निघून आमच्या कुंपणापाशी आलं की पहिला बार मी काढायचा. मग सबंध बंदराच्या बंदुका. घरच्या बापाच्या आधी कुणी चाप ओढायचा नाही, ही इथली पद्धत. बापाचा बार फुसका निघाला तर काय, याची पद्धत नाही. तशी वेळच आलेली नाही.

मेहुणा अझारिया चहाला आला होता. बंदरातला सगळ्यात पट्टीचा नेमबाज, असं तो स्वतः म्हणत नाही, बाकीचे म्हणतात, त्यामुळे जास्त राग येतो. म्हणाला, दाजी, तुम्ही नुसती बंदूक वर धरा, मी स्ट्रिकलंडच्या कोठारामागून बार काढतो, कुणाच्या बापाला कळणार नाही. मी शांतपणे सांगितलं की हाउन्सेलांचा बार हाउन्सेलच काढणार. कप फुटला, पण तो आधीचाच तडकलेला होता.

निश्चय: आजोबांची ठासणीची बंदूक उद्या खुंटीवरून काढणे. रोज एक तास अभ्यास. वहीत टिपण.

१३ ऑक्टोबर

बंदूक काढली. माझ्यापेक्षा उंच आहे. घोडा ताठ, पण चालतो.

माझ्या लग्नात, पंचवीस वर्षांपूर्वी, बाबांनी हिनेच बार काढला होता. असा बार की पाद्र्याच्या गाईने दोन दिवस दूध दिलं नाही, असं सांगतात. बाबा पिंपं बांधणारे. जन्मात बंदूक धरली नव्हती. माप, क्रम सगळं मीच कागदावर लिहून दिलं होतं. पोस्टात नुकताच लागलो होतो आणि वाचन दांडगं होतं. समोर उभं राहून भरून घेतली त्यांच्याकडून. त्या वेळी धूर मी पाहिला नाही, कारण डॉर्कसकडे बघत होतो. त्यानंतर बाबांनी ही बंदूक परत उडवली नाही. विचारलं की म्हणायचे, त्याहून मोठा बार व्हायचा नाही, मग कशाला?

तात्पर्य: ज्ञान घरातच आहे. फक्त जरा धूळ झटकायची.

मी स्वतः एकदाच बंदूक उडवली आहे, पंधराव्या वर्षी. खांदा आठ दिवस निळा होता. ती बंदूक दुसऱ्याची होती.

१५ ऑक्टोबर

लोक नळीत दारूवर जुन्या दोराचा काथ्या बोळा म्हणून कोंबतात, दारू दाबून धरायला. अडाणीपणा. राजधानीत, सेंट जॉन्सला, नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, कापलेले गोल बोळे मिळतात, नंबरवार. म्हणजे आधी नळीचा नंबर हवा.

नंबर नळीच्या बुडाशी ठोकलेला असतो. आहे. गंजाखाली एक ‘१’ स्पष्ट, पुढे काहीतरी. ‘१०’, ‘१२’ किंवा ‘१४’. राख आणि रॉकेल लावून घासलं. दुपारपर्यंत ‘१’ अस्पष्ट झाला. संध्याकाळी जागा अगदी आरशासारखी लख्ख. आता तिथे काहीच नाही. गंज किती खोलवर गेला होता हे यावरून दिसतं.

१७ ऑक्टोबर

अझारियाला सहज विचारलं, तुझ्या मते नंबर काय असावा. त्याने अंगठा तोंडात घातला, बंदुकीच्या. म्हणाला, एक अंगठा आणि वर जरासं. मी माझा अंगठा घातला. एक अंगठा आणि वर बरंच. पोस्टात काम करणाऱ्याचा अंगठा बारीक असतो. शास्त्र असं अंगठ्यावर चालत नाही.

त्याला नंबर म्हणजे काय तेच ठाऊक नाही. मी समजावलं: नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यायची, एक पौंड शिशात अशा किती होतात ते मोजायचं. बारा झाल्या तर बारा नंबर. नंबर जितका मोठा, तितकी नळी बारीक. डॉर्कस भांडी घासता घासता म्हणाली, हे उलटं आहे. मी म्हटलं, जगात पुष्कळ गोष्टी उलट्या आहेत. ती म्हणाली, ते पंचवीस वर्षांपूर्वीच कळलं.

१९ ऑक्टोबर

युक्ती सुचली. सलगम! नळीचं तोंड सलगमात दाबलं, फिरवलं, आत नळीच्या मापाचा गोल तुकडा निघाला. इतकं साधं, आणि कुणाला सुचलं नाही. मऊ आहे, पट्टीने दाबला जातो. चुलीवरच्या फळीवर ठेवला, जरा कडक व्हायला.

२३ ऑक्टोबर

चार दिवस पोस्टात तारांचा नुसता पाऊस. आज सलगमाचा तुकडा मोजला. बंदुकांच्या कॅटलॉगातल्या तक्त्यात पाहिलं: वीस नंबर. माझा अंदाज दहा-बाराचा होता, पण मोजमापापुढे अंदाज काय. सेंट जॉन्सला तार ठोकली: नमद्याचे बोळे, नंबर वीस, दोन डझन, पुढच्या बोटीने.

सेलिना बघत होती. म्हणाली, बाबा, तो तुकडा आक्रसलाय ना? मी म्हटलं, आक्रसतात ती फळं. सलगम हे मूळ आहे.

२ नोव्हेंबर

बोट आली. बोळे आले. पहिला नळीत टाकला. विहिरीत दगड टाकावा तसा खाली गेला. दुसराही. बंदूक उलटी केल्यावर दोन्ही बाहेर पडले आणि चुलीखाली गेले.

पुढची बोट २२ तारखेला.

आज काही लिहावंसं वाटत नाही.

त्याच दिवशी, जेवणानंतर

डॉर्कसने वाटाण्याचं पिठलं आणि खारं मांस केलं होतं. दोन घास गेले नाहीत. सेलिना आपला रजईचा कपडा शिवत बसली होती. तेरा दिवस उरलेत. मग ती होडीत बसून बेटावर जाईल, खाडी गोठेल, आणि मेपर्यंत मला तिचा चेहरा दिसायचा नाही. होडीत बसताना घरचा म्हणून तिच्या कानात त्या बाराचाच आवाज राहणार आहे. तो अझारियाचा असेल तर मी काय केलं? नुसती तिकिटं चिकटवली.

नवा निश्चय: शिसं.

४ नोव्हेंबर

जाळ्याची शिशाची वजनं वितळवली. एक पौंड पत्रांच्या तराजूवर मोजलं, सोळा वेळा, औंसाऔंसाने. काल बागेतल्या चिकणमातीत अंगठ्यापेक्षा जरा मोठा खड्डा करून वाळवला होता, त्यात गोळ्या ओतल्या. बंदुकीत बसेपर्यंत कानशीने घासल्या. अकरा गोळ्या झाल्या आणि एक अर्धवट. घासलेला भुगा कुठे गेला हे सांगता येत नाही, पण डॉर्कस सांगू शकते, कारण तिला तो पावाच्या कणकेत सापडला. तवा कामातून गेला.

निकाल: नंबर साडेअकरा. तक्त्यात साडेअकरा नाही. तक्ता जुना असावा.

अझारियाला कळवलं. तो म्हणाला, दाजी, बंदूक जेवढी आहे तेवढी आहे, काथ्या कोंबा आणि मोकळे व्हा. अशा माणसांमुळे आपलं न्यूफाउंडलंड मागे राहिलं.

५ नोव्हेंबर

साडेअकरा नंबरचे बोळे कुठे मिळणार? नमदा लागतो, बास. घरात नमदा शोधला. माझी रविवारची काळी हॅट. तिच्या काठाचा मागचा भाग कुणाला दिसतो? चार बोळे कापले. झकास बसतात, थोडे सैल. दुहेरी केले की घट्ट. म्हणजे आठ लागतील. काठ बाजूनेही कापला.

बाहेर पोरं दर पाच नोव्हेंबरला रात्री पेटवतात त्या शेकोटीसाठी पिंपं गोळा करतायत. बाबांनी बांधलेलं एक पिंप नेलं. 

६ नोव्हेंबर

आता दारूचा भार. इथे भार बोटांत मोजतात: बंदूक भरल्यावर ठासायचा गज आत सोडायचा, तो तोंडाबाहेर जितकी आडवी बोटं राहील तितका भार. समुद्रपक्ष्यांना सहा बोटं, सीलला आठ, लग्नाला चार, आणि लग्नाला छर्रे नाहीत. पण बोटं कुणाची? अझारियाची चार म्हणजे माझी सहा. सबंध बंदराला याचं काही वाटत नाही.

एका गोष्टीची नोंद. रिकाम्या नळीत आजोबांचा गज तोंडाशी बरोब्बर सपाट बसायला हवा, तशी त्याच्यावर खूण आहे. आज सोडला तर माझी सात बोटं वर राहिला. दोनदा, तीनदा. खणकन वाजतही नाही, दबका आवाज येतो. कारणं: (१) पंचवीस वर्षांच्या दमटपणाने लाकूड वाढलं. (२) जुने इंग्लिश कारागीर नळीची पाठ भरीव ठेवत.

डॉर्कस म्हणाली, आत काहीतरी आहे. तिच्या माहेरी काकवीच्या पिंपात काठी घालून बघायचे. काठी वर राहिली म्हणजे काकवी आहे. मी म्हटलं, ही बंदूक आहे, काकवीचं पिंप नाही. ती म्हणाली, काकवीचं पिंप मला कधी फसवत नाही.

७ नोव्हेंबर

गज वाढला असेल तर कापणे हाच उपाय. सात बोटं करवतीने उडवली. आता तोंडाशी सपाट. रिकामी म्हणजे शून्य, हिशेब स्वच्छ. अझारियाने कापलेला तुकडा हातात घेतला, बराच वेळ बघत राहिला. काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, जाऊ दे. हरला की माणूस असाच गप्प होतो.

९ नोव्हेंबर

आवाज मोठा हवा तर दारूपुढे काहीतरी वजन हवं, असं माझ्या कॅटलॉगमध्ये आहे. दारू आणि छर्रे एकाच मापाने, समसमान. लग्नाला छर्रे चालत नाहीत. पर्याय: मीठ, रेती, वाळलेले वाटाणे. वाटाणे पसंत पडले, गोल असल्यामुळे. डॉर्कसने डबा कुलपात ठेवला. पाद्री स्वतः येऊन सांगून गेले की वरातीवर कुठलंही धान्य उडवायचं नाही. तांदळाचं काय, असं मी विचारलं. ते हाताने टाकतात, म्हणाले.

ठीक. नुसती दारू, पण बोटं पाच. माझी.

१० नोव्हेंबर

अझारियाने एक चाचणी सांगितली. घोड्याखाली नुसती ठिणगीची कॅप लावायची, नळीचं तोंड पेटत्या मेणबत्तीपाशी धरायचं, घोडा सोडायचा. कॅपची हवा नळीतून येते आणि मेणबत्ती विझते. विझली तर रस्ता मोकळा.

केली. कॅप फुटली, टाळीसारखी. मेणबत्ती जशीच्या तशी. ज्योत हललीसुद्धा नाही. पुन्हा केली. हलली नाही.

मेणबत्त्या या वेळी चांगल्या प्रतीच्या आल्या आहेत.

१२ नोव्हेंबर

खरं म्हणजे एकदा भरून उडवून बघायला हवी. पण आज वारा होता. काल रविवार. उद्या उडवावी तर शेजारच्या हाउसकोट बाईंची म्हातारी आई आजारी आहे, आवाज नको. शिवाय दारू दमट होईल. आणि बार एकदाच चांगला होतो. बाबांनी कुठे आधी उडवून पाहिली होती?

आज तीन तिकिटं उलटी चिकटवली. चहा कमी करणे.

सेलिना पोस्टात येऊन बसली होती. माझे शिक्के तिने ओळीने लावून ठेवले. मग म्हणाली, ‘बाबा, बार नाही झाला तरी मी तुमचीच मुलगी आहे.’ मी म्हटलं, बार होणारच. ती म्हणाली, हो, होणारच. तिने असं म्हटल्यावर मला बरं वाटायला हवं होतं.

१४ नोव्हेंबर

उद्या.

बंदूक भरली. या वेळी कागद लिहून समोर ठेवला, क्रमवार, आणि प्रत्येक ओळीवर टिक केली. दारू, हॅट, हॅट. गजाने ठासली. गज बाहेर पाच बोटं आणि वर जराशी हॅट. तंतोतंत. आयुष्यात एवढं बरोबर काही केलं नसेल.

हॅट नसल्यामुळे उद्या लोकरीची टोपी. डॉर्कस म्हणाली, मुलीच्या लग्नात बाप मासळी पकडायला निघाल्यासारखा दिसेल. म्हणू दे. उद्या लोक डोक्याकडे बघणार नाहीत, कानावर हात ठेवतील.

देवा, एकदाच. नंतर काही मागणार नाही.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळी

सगळं लिहून ठेवतो. क्रमाने.

घंटा वाजली. लोक टेकडीवरून खाली येऊ लागले. कुंपणाला टेकून मी उभा, बंदूक खांद्याला. प्रत्येक दारात, मासळी वाळवायच्या प्रत्येक मचाणावर माणसं बंदुका घेऊन उभी, तीस तरी. सगळ्यांची नजर माझ्यावर. असं कधी झालं नव्हतं. लोक पोस्टाच्या खिडकीकडे बघतात, माझ्याकडे नाही.

सेलिना पांढऱ्या कपड्यात, गार्लंडच्या हाताला धरून. कुंपणापाशी आली. मी चाप ओढला.

टक.

दुसरी कॅप. टक.

तीस माणसं बंदुका धरून गप्प. कुणी हसलं नाही, तेच वाईट. कुठेतरी एक कुत्रं भुंकलं आणि त्यालाही कुणीतरी गप्प केलं. तिसरी कॅप हातातून गवतात पडली. मी शोधू लागलो. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, वाऱ्यामुळे.

वरातीत नवरीने थांबायचं नसतं, थांबणं अशुभ मानतात. सेलिना थांबली. सरळ माझ्याकडे वळून उभी राहिली. मला कॅप मिळाली, बसवली, डोळे मिटून चाप ओढला.

आणि काय बार झाला! खिडक्या हादरल्या. कोठारावरचे पक्षी उडाले. मग सगळं बंदर धडधडायला लागलं, धूर, आरोळ्या, बायका कानात बोटं घालून हसतायत. सेलिना हसली आणि चालायला लागली.

जरा उशिरा पेटला, एवढंच. जुन्या बंदुकीत होतं असं.

आणखी दोन नोंदी, शास्त्रासाठी. धूर माझ्या अंगावर आला नाही, स्ट्रिकलंडच्या कोठाराच्या बाजूने आला. वारा त्या दिशेचा असावा. आणि खांद्याला काहीही झालं नाही, धक्कासुद्धा नाही. याला म्हणतात बरोबर माप.

सगळ्यांनी हात मिळवले. अझारिया शेवटी आला. हाताला दारूचा वास येत होता, बंदुकीच्या. म्हणाला, ‘छान झाला बार, दाजी.’ मी म्हटलं, शास्त्र, अझारिया, शास्त्र. त्याने मान हलवली.

मग ती होडीत बसली. मी धक्क्यावर बंदूक वर धरून उभा राहिलो, होडी दिसेनाशी होईपर्यंत. हात दुखले नाहीत.

१६ नोव्हेंबर

बार काढल्यावर बंदूक धुवावी लागते, नाहीतर गंजते. धुवायच्या आधी सवयीने गज आत सोडला.

पाच बोटं बाहेर.

काढला. पुन्हा सोडला. पाच बोटं आणि वर जराशी हॅट.

डॉर्कसला सांगितलं नाही. ती पाठमोरी पीठ मळत होती. म्हणाली, मी अझीला निरोप पाठवलाय, तो उद्या आकडा घेऊन येतो. कसला आकडा, असं मी विचारलं नाही.

१७ नोव्हेंबर

अझारिया सकाळी आला. गजाच्या टोकाला बसवायचा पेचाचा आकडा आणि स्वतःचा लांब गज आणला होता, आत अडकलेलं ओढून काढायला. मी त्याला सांगायला सुरुवात केली की काही वेळा अर्धीच दारू पेटते. तो आकडा फिरवत होता.

आधी माझी हॅट निघाली. चार तुकडे. मग माझी दारू, कोरडी, एक कण पेटला नव्हता. ती कागदावर झटकून घेतली. मला वाटलं, संपलं. तो फिरवतच राहिला. आकडा अजून खाली जात होता. मी कापलेली ती सात बोटं.

जुना काथ्या निघाला, काळा. त्याच्याबरोबर ठासलेला, घडी घातलेला एक कागद. मग दारू, दगडासारखी झालेली, खरवडून काढावी लागली. आणि सगळ्यात खाली, बुडाशी, जिथे कॅपची ठिणगी येते तिथे, आणखी एक काथ्याचा बोळा. घट्ट ठासलेला. ठिणगीला पुढे जायला जागाच नव्हती. पंचवीस वर्षं.

अझारियाने कागद माझ्या हातात दिला. पेन्सिलीचं अक्षर होतं, अजून वाचता येत होतं. माझं अक्षर.

‘बाबांसाठी. १) प्रथम बोळा, चांगला घट्ट. २) मग दारू, चार बोटं. ३) पुन्हा बोळा. ४) कॅप. या क्रमात बदल करू नये. ओबेद.’

मी खाली बसलो. अझारिया आकडा पुसू लागला. मग मी विचारलं, माझ्या लग्नातला तो बार कुणाचा होता?

‘माझाच,’ म्हणाला. ‘काकांनी, तुमच्या बाबांनी, तीन कॅपा फोडल्या. मी कोठारामागे होतो, दिला उडवून. नंतर त्यांना म्हटलं, काका, आधी दारू घालतात, मग बोळा. म्हणाले, ठाऊक आहे रे, पिंपं बांधत असलो म्हणून एवढंही कळत नाही का? पण पोराने लिहून दिलं होतं. समोर उभा होता. त्याचं कसं मोडायचं?’

बाबांनी ती बंदूक नंतर का उडवली नाही, ते आता कळलं. भार काढायचा म्हणजे कुणाला तरी बोलवावं लागलं असतं. मग हा कागद निघाला असता. वारले तेव्हा ती त्यांच्या खाटेवरच्या खुंटीला होती. मी शेजारी बसून त्यांना त्याच बाराची गोष्ट सांगत होतो, ते हसत होते.

त्यांच्या चेहऱ्याकडे आत्ता बघायची मला फार इच्छा आहे.

अझारिया उठला. दारात त्याला विचारलं, आणि परवा? तुला मी बजावलं होतं की हाउन्सेलांचा बार हाउन्सेलच काढणार. तुला कोठारामागे बसायला कुणी सांगितलं?

त्याने टोपी हातात फिरवली. ‘हाउन्सेलांनीच सांगितलं, दाजी. सेलिनाने. ऑक्टोबरातच. म्हणाली, मामा, बाबांना काही बोलायचं नाही, शिकवायचं नाही, त्यांना करू दे. तू फक्त मागे राहा. मी थांबले की ओढ.’

मग तो गेला. आकडा इथेच विसरला, किंवा ठेवून गेला.

त्याच दिवशी, दुपारी

तार आली, बेटावरून. माझ्याच यंत्रावर, माझ्याच हाताने उतरवून घेतली, एकेक अक्षर.

‘सुखरूप. बार बेटावर ऐकू आला. सगळे विचारतात कुणाचा. सांगितलं माझ्या बाबांचा. सेलिना.’

उत्तर लिहायला बसलो. पहिलं उत्तर लांब झालं, त्यात खुलासा होता. फाडलं. दुसऱ्यातही होता. शेवटी पाठवलं: ‘ऐकू आला ते बरं झालं. जपून राहा. बाबा.’

डॉर्कसने चहा आणून ठेवला, घट्ट दुधाचा, आणि चुलीखालून सापडलेले वीस नंबरचे दोन बोळे. मी तिला म्हटलं, काकवीच्या पिंपाचं तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, चहा घ्या, निवतोय.

बंदूक धुतली, तेल लावलं. कॅप लावून मेणबत्तीपाशी धरली. विझली.

मग खुंटीवर टांगली.